पश्चिम आफ्रिकेतली अंगाईगीतं: बाळासाठी किती, आईसाठी किती?

शेवंती

घानातल्या आकान लोकांचं एक अंगाईगीत आहे. त्याचा मजकूर साधारण असा: कुणाला तरी तू हवा होतास, पण तू माझा आहेस. तुला चांगल्या चटईवर निजवायची कुणाची तरी फार इच्छा होती. तू तिचा असतास तर तिने तुला उंटाच्या लोकरीच्या कांबळ्यावर ठेवलं असतं. पण तू माझ्याकडे आलास, आणि मी तुला फाटक्या चटईवर वाढवणार. कुणाला तरी तू हवा होतास, आणि आहेस माझ्याकडे.

चांदोबा नाही, परी नाही, जोजवणंसुद्धा नाही. 'कुणाला तरी' म्हणजे कोण, हे गाणं शेवटपर्यंत सांगत नाही. सवत असेल, मूल नसलेली शेजारीण असेल, पैसेवाली नात्यातली कुणी असेल. आकान समाज मातृवंशीय आहे. मूल आईच्या कुळाचं धरतात, वारसा मामाकडून भाच्याकडे जातो. ज्या बाईला मूल नाही तिची कुळातली ओळ तिथेच थांबते. हे माहीत असलं की 'तू माझा आहेस' यातला ठसका ऐकू येतो. आणि गंमत म्हणजे अख्ख्या गाण्यात नवऱ्याचा पत्ताच नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते चटईचं. मिरवणं आणि गरिबी एकाच दमात सांगून टाकलीय, आणि गरिबीची लाज झाकायची खटपट केलेली नाही.

घानाचे थोर संगीत-अभ्यासक क्वाबेना न्केतिया (१९२१-२०१९) यांनीही हेच नोंदवलंय की ही गाणी बाळाला उद्देशून असली तरी आईला स्वतःचं काही बोलायचं असतं, आणि ते बोलायला ही जागा तिला मिळते. घरात सासू, सवत, नवरा सगळे ऐकत असतात. त्यांना थेट काही बोललं तर भांडण होणार. बाळाला म्हणून दाखवलं तर कोण काय म्हणणार?

आणखी दोन नमुने. एवे भाषेतलं (घानाचा व्होल्टा भाग आणि टोगो) 'तू तू ग्बोवी' तिकडे घराघरात ठाऊक आहे. आई घरी नाही, बाबा घरी नाहीत, उगी उगी, माझ्या देखण्या बाळा. म्हणजे गाणारी व्यक्ती आईही नाही आणि बापही नाही. मोठी बहीण असेल, आजी असेल. रडणाऱ्या बाळाला समजावताना तिने आधी खरं काय ते सांगून टाकलंय.

दुसरं आग्नेय नायजेरियातल्या इग्बो लोकांचं. बाळाला कुणी रडवलं? घारीने रडवलं. मग आणा उझिझा (मिरीच्या कुळातली तिखट वनस्पती), आणा मिरची, आणा रस्सा वाढायचा चमचा. पाखरांना चाटू दे, ठसका लागून मरू देत! निजवताना एवढा सूड.

शब्द न कळताही ही गाणी ऐकून गळा दाटतो, असं अनेक जण म्हणतात. मला वाटतं शब्दांशिवाय निम्मं हातचं जातं. तुमचं काय मत?

मीठभाकर

मस्त विषय. तो तिखट रस्सा वाचून मोठ्याने हसले. आपल्याकडे काऊ-चिऊ घास खाऊन जातात, तिकडे त्यांनाच फोडणी. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

तेमाकर

शेवंतीताई, मी नोकरीमुळे बरीच वर्षं घानाच्या राजधानीजवळ, म्हणजे आक्राजवळ, तेमा बंदरात राहतोय. एक गोष्ट जोडतो.

इथे पाळणा क्वचितच दिसतो. बाळ पाठीवर असतं. दोन वार छापील कापड काखेखालून घ्यायचं, छातीवर आवळून खोचायचं, झालं. बाळाचा गाल आईच्या पाठीला चिकटलेला, दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना. आक्राच्या माकोला बाजारात डोक्यावर टोमॅटोचं घमेलं आणि पाठीवर झोपलेलं मूल, हे दृश्य दर दहा पावलांवर. मूल कुरकुरलं की बाईची कंबर थोडी डुलायला लागते, एक हात मागे जाऊन थोपटतो आणि गुणगुणणं सुरू होतं. गिऱ्हाइकाशी घासाघीस चालूच.

सांगायचं कारण, त्या बाळाला गाणं फक्त कानाने मिळत नाही. आईच्या बरगड्यांतून मिळतं. यूट्यूबवर गिटार लावून अगदी संथ, हळवी केलेली 'आफ्रिकन अंगाई' ऐकली की मला ती ओळखूच येत नाही. इथली चाल चालत्या माणसाच्या वेगाची असते, कधी तर धान्य कुटण्याच्या ठेक्यातली.

टिकलू

घरी पाच महिन्यांचं पोरगं आहे. त्याला कुठलीच अंगाई चालत नाही, मिक्सर लावावा लागतो. इथे कुणाला मिक्सरच्या भावनिक ताकदीवर धागा काढायचा असेल तर मी पहिला प्रतिसाद देईन.

चिकित्सक

टिकलू :)

शेवंती, शब्दांबद्दल असहमत. २०२१ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेविअर' मध्ये एक प्रयोग छापून आला. अमेरिकेतल्या बाळांना परक्या संस्कृतींतल्या, त्यांनी कधी न ऐकलेल्या भाषांतल्या अंगाई ऐकवल्या आणि त्याच समाजांतली दुसरी गाणीही ऐकवली. अंगाई चालू असताना बाळांचे हृदयाचे ठोके जास्त मंदावले, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकारही तेच सांगत होता. त्याआधी याच गटाने मोठ्या माणसांवर केलेल्या प्रयोगात, अनोळखी गाण्याचा छोटा तुकडा ऐकून लोकांनी 'हे बाळाला निजवायचं गाणं' असं बऱ्यापैकी अचूक ओळखलं होतं. शब्द कुणालाच कळत नव्हते.

म्हणजे आवाजाच्या चढउतारातच काहीतरी आहे. संथ लय, थोडेच स्वर, पुन्हा पुन्हा तेच. फाटकी चटई हे अभ्यासकांचं खाद्य. बाळाला चटईशी काय देणंघेणं?

शेवंती

बाळाला नाहीच. मीही तेच म्हणतेय. बाळ निजतं तुमच्या संथ लयीने. पण गाणं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं ते निजवणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग असल्याशिवाय कसं टिकेल? बाळाचा प्रतिसाद मोजून गाण्याचा अर्थ मोजला असं होत नाही.

रेकॉर्डवाला

'शब्द कळले नाहीत तरी चालतं' याचा एक तोटा सांगतो. १९९२ साली 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडगोळीचं एक अंगाईवर बेतलेलं गाणं जगभर गाजलं. वाहिन्यांवर, जाहिरातींत, सगळीकडे. आफ्रिकेतल्या जंगलातला आवाज म्हणून लोक ते डोळे मिटून ऐकायचे. मुळात तो आवाज सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा नावाच्या बाईचा. १९७० साली ह्यूगो झेम्प यांनी मलाइता बेटावर तो ध्वनिमुद्रित केला होता. पॅसिफिक महासागर, आफ्रिकेपासून अर्धी पृथ्वी लांब! पुढे नॉर्वेचा नामांकित सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक याने तीच चाल घेतली आणि 'पिग्मी लल्लबाय' असं नाव ठेवलं. स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकाने २००० साली हे सगळं सविस्तर लिहिलंय.

त्या गाण्यात मोठं भावंड धाकट्याला सांगतंय की रडू नकोस, आपले बाबा आता परत येणार नाहीत. लाखो लोक ते ऐकून 'किती शांत वाटतं' म्हणत होते.

मीठभाकर

बाप रे.

चिकित्सक

रेकॉर्डवाला, माहिती जबरदस्त, पण ती माझ्या बाजूने जाते. शांत वाटलं ना? गाण्याचं काम तेच होतं.

उंबरठा

योरुबांबद्दल (नैऋत्य नायजेरिया आणि बेनिन) थोडं. तिथे चाल आणि शब्द वेगळे काढणंच अवघड. योरुबा स्वरभेदी भाषा आहे, वर-मध्य-खाली असे तीन स्वर. 'ओको' हे वेगवेगळ्या सुरांत म्हटलं की नवरा, कुदळ किंवा वाहन होतं. त्यामुळे गाण्याची चाल बोलण्याच्या सुरांना धरून चालावी लागते. मिशनऱ्यांनी युरोपियन चालींवर योरुबा शब्द बसवून भजनं केली तेव्हा सूर एकीकडे आणि शब्द दुसरीकडे गेले, आणि भलतेच अर्थ निघायला लागले. पुढे तिथल्याच संगीतकारांनी भाषेच्या सुरांवरून नव्या चाली बांधल्या.

म्हणून चिकित्सक, तिथल्या आईच्या गुणगुणण्यात चाल ऐकू आली म्हणजे अर्धा शब्दही ऐकू आलाच. त्यांचे बोलके ढोल याच तत्त्वावर चालतात.

बाळाला शांत करायला तिथल्या बायका ओरिकी म्हणतात. ओरिकी म्हणजे स्तुतीची वचनं. माणसाची, कुळाची, गावाची, देवाचीही असतात. आपल्याकडच्या बिरुदावलीसारखं, पण इथे ती दोन महिन्यांच्या बाळालाही मिळते. प्रत्येक मुलाला एक लाडाचं ओरिकी-नावही असतं. मुलींमध्ये अडुके, असाके, अबेके अशी. अडुके म्हणजे जिचे लाड करायला लोकांची चढाओढ लागते ती. रडणाऱ्या पोराला त्याच्या कुळाची ओरिकी ऐकवली की ते गप्प होतं, असं बायका सांगतात. मोठा झालेला मुलगा सकाळी म्हाताऱ्या आत्यासमोर नमस्काराला वाकला की ती हीच वचनं म्हणते आणि भले भले गडी रडतात. कॅरिन बार्बर यांनी ओकुकू नावाच्या गावात राहून बायकांच्या तोंडच्या ओरिकींवर केलेलं काम या विषयात पायाभूत मानलं जातं.

नर्मदा_के

उंबरठा, सुंदर. योरुबांमध्येच 'अबिकू' नावाची कल्पना आहे ना? जन्मून मरायलाच येणारं मूल, तेच पुन्हा पुन्हा त्याच आईच्या पोटी येतं. वोले सोयिंका आणि जे. पी. क्लार्क, दोघांच्याही 'अबिकू' याच नावाच्या कविता आहेत.

उंबरठा

हो. इग्बोंमध्ये तशाच मुलाला ओग्बांजे म्हणतात. अशा मुलांची नावं म्हणजे विनवण्या असतात. मालोमो, म्हणजे आता पुन्हा जाऊ नकोस. दुरोजाये, थांब आणि आयुष्याची मजा घे. बांजोको, माझ्याजवळ बस. कोकुमो, हा आता मरणार नाही. आई मुलाला हाक मारते तीच मुळी गयावया असते. मग अंगाईत ते नाव आलं की काय होत असेल, विचार करा.

आपल्याकडे मुलं जगत नसली की धोंडू, दगडू, केरबा, भिकू अशी नावं ठेवायचे. रीत वेगळी: आपण मूल टाकाऊ आहे असं दाखवून मृत्यूला फसवायचो. योरुबांमध्येही किळसवाणी नावं ठेवायची पद्धत आहे, पण ही विनवणीची नावं जास्त बोचतात. इथे मृत्यूशी नाही, खुद्द बाळाशीच बोलणं चाललंय.

गडचिरोलीकर

वैद्यकीय बाजू. अबिकू-ओग्बांजे मानल्या गेलेल्या अनेक मृत्यूंमागे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असावा, असं नायजेरियातल्या डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी मांडलंय. सिकलसेलसह जन्मणारी सर्वाधिक बाळं नायजेरियात आहेत. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एकाच घरात एकामागून एक मुलं तापाने, पांढरी पडून, हातापायांना सूज येऊन जात असतील तर 'तेच मूल परत येतंय' असं वाटणारच.

आमच्याकडे, विदर्भात आणि तिकडे नंदुरबारला, हाच आजार आहे. फक्त जनुकीय बदल इथे स्वतंत्रपणे झालेला आहे, आफ्रिकेतून आलेला नाही, असं बरेच अभ्यासक मानतात. मलेरियाचा प्रदेश हे मात्र दोन्हीकडे समान, कारण वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. वॉर्डात पोराच्या उशाशी बसून गुणगुणणाऱ्या आया मी बघतो. काय म्हणतात ते मी कधी नीट ऐकलं नव्हतं.

नर्मदा_के

डॉक्टर, आता ऐका आणि लिहा.

एरे इबेजी कुणाला माहीत आहेत का? योरुबांमध्ये जुळ्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक मानल्या जाणाऱ्यांपैकी. पहिला ताइवो, दुसरा केहिंदे. जुळ्यांतलं एक गेलं तर त्याची छोटी लाकडी मूर्ती कोरून घ्यायची. आई तिला न्हाऊ घालते, तेल-रंग लावते, मणी घालते, घास भरवते, जिवंत बाळाबरोबर तिलाही कापडात खोचते आणि गाऊन दाखवते. युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत अशा मूर्ती मोठ्या संख्येने आहेत. कित्येकींचे नाक-डोळे पार झिजलेले असतात, इतक्यांदा तोंड धुतलेलं. काचेमागे त्यांच्याखाली 'लाकूड, १९ वे-२० वे शतक' अशी पाटी.

चिकित्सक, इथे ठोके कुणाचे मोजणार?

चिकित्सक

इथे मी गप्प. ही अंगाई आईसाठी आहे हे मान्य.

पण मूळ मुद्दा सोडलेला नाही. सगळ्यात मोठा पुरावा तर आफ्रिकेबाहेर आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत. १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' मध्ये ते सांगतात की त्यांच्या आजोबांच्या आजीला डच व्यापाऱ्याने पकडून अमेरिकेत आणलं. तिथल्या थंड वाऱ्यात कुडकुडत, डोंगरांकडे बघत ती मांडीतल्या बाळाला एक गाणं गुणगुणायची. ते बाळ मोठं होऊन आपल्या मुलांना गायलं, ती आपल्या मुलांना. असं दोनशे वर्षं. घरात कुणालाच शब्दांचा अर्थ माहीत नाही, पण संगीताचा अर्थ पक्का माहीत आहे, असं ड्यू बॉइस स्वच्छ लिहितात. 'दो बाना कोबा' अशी सुरुवात आहे. भाषा कोणती यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, सेनेगल-गांबियाकडची वोलोफ असावी हा एक तर्क.

दोनशे वर्षं, शून्य शब्दार्थ. आता बोला.

तेमाकर

ड्यू बॉइस शेवटी आक्रालाच आले. घानाचे तेव्हाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून १९६१ साली, वयाची नव्वदी उलटल्यावर. २७ ऑगस्ट १९६३ ला इथेच गेले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं. कँटोनमेंट्स भागातलं त्यांचं घर आता स्मारक आहे, आवारातच समाधी.

शेवंती

चिकित्सक, याच प्रतिसादाची वाट बघत होते. ड्यू बॉइसांच्या शेजारी दुसरी एक कहाणी ठेवते. जरा लांबेल.

अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर हॅरिस नेक नावाची वस्ती होती. तिथले गुल्ला-गीची लोक म्हणजे भातशेतीसाठी आणलेल्या गुलामांचे वंशज. सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरच्या लोकांना भात पिकवायचं कसब होतं म्हणून तिथून मुद्दाम माणसं आणत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लोरेन्झो डाउ टर्नर हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ ध्वनिमुद्रणाचं अवजड यंत्र घेऊन तिथे फिरले. अमेलिया डॉली नावाच्या बाईने त्यांना पाच ओळींचं एक गाणं म्हणून दाखवलं. आईकडून शिकलेली, अर्थ माहीत नाही. तिने ते आपल्या मुलीला, मेरीला शिकवलं. घरात ते पोरांना गाऊन दाखवायचं, पोरांना रमवायचं गाणं होतं. टर्नरांना कळलं की भाषा सिएरा लिओनमधली मेंडे आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबात टिकून राहिलेला आफ्रिकन भाषेतला हा सर्वांत लांब ज्ञात मजकूर मानतात.

१९९० च्या सुमारास मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ओपाला, संगीत-अभ्यासक सिंथिया श्मिट आणि मेंडे भाषातज्ज्ञ ताझीफ कोरोमा ते ध्वनिमुद्रण घेऊन सिएरा लिओनमध्ये शोधाला लागले. एका शब्दाच्या बोलीवरून भाग ठरवला. सेनेहुन न्गोला नावाच्या गावात बेंदू जाबाती या बाईने ते ऐकलं आणि पुढे गायलाच लागली. तिच्या आजीने तिला ते शिकवलं होतं आणि सांगितलं होतं की हरवलेले आपले लोक कधी परत आले तर या गाण्यावरून ओळखशील.

मध्ये सिएरा लिओनचं यादवी युद्ध आलं, म्हणून भेट लांबली. १९९७ मध्ये मेरी मोरान, म्हणजे अमेलियाची लेक, म्हातारपणी त्या गावी पोहोचली. यावर १९९८ चा माहितीपट आहे.

आणि आता मुद्दा. ते गाणं अंत्यविधीचं होतं. कबरीपाशी बायकांनी म्हणायचं. सगळे या, कबर अजून पुरी झालेली नाही, त्याच्या जिवाला शांती मिळू दे, असा त्याचा आशय.

म्हणजे इथे काय झालं? शब्द इतके टिकले की समुद्रापलीकडच्या बाईला दोनेकशे वर्षांनी ते ऐकताक्षणी कळले. 'संगीताचा अर्थ' मात्र टिकला नाही. कबरीवरचं गाणं लेकरांचं झालं. मग ड्यू बॉइसांच्या घरी 'आम्हाला अर्थ पक्का माहीत आहे' असं जे वाटत होतं, तो अर्थ त्या आजीचा होता की त्यांचा स्वतःचा? कदाचित ती थंडीला शिव्या घालत असेल. कदाचित ते पेरणीचं गाणं असेल.

रेकॉर्डवाला

हे फार भारी आहे.

चिकित्सक

पटण्यासारखं आहे, पण दोन गोष्टी. एक, एका उदाहरणावरून ड्यू बॉइसांना खोटं ठरवता येत नाही. दोन, मेंडे बायकांच्या मुखीच हे गाणं का राहिलं? ओपालांचं म्हणणं असं की मेंडे लोकांत जन्माचे आणि मृत्यूचे दोन्ही विधी बायकांच्या हाती असतात. मग त्या गाण्याच्या चालीत निजवणं आणि निरोप देणं आधीपासून शेजारीशेजारी असेल, तर ते लेकरांचं होणं ही अर्थाची मोडतोड नाही. थोडं सरकणं आहे.

शेवंती

हे मान्य करायला आवडेल. पण त्या घरात कुणी त्या गाण्यावर रडत नव्हतं. रडू आलं अर्थ कळल्यावर, गावी जाऊन. माझं म्हणणं एवढंच.

जुनी_वही

उत्तर नायजेरियाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. हौसा लोकांत 'कुन्या' म्हणजे लाज-मर्यादा फार कडक. पारंपरिक घरात आई पहिल्या मुलाचे लाड चारचौघांत करत नाही, त्याला नावाने हाक मारत नाही. फुलानींमध्येही साधारण तसंच. ते पहिलं पोर बरेचदा आजीच्या अंगाखांद्यावर वाढतं. त्यामुळे पहिलटकरणीच्या तोंडी सगळ्यांसमोर अंगाई अशी यायची नाही. वरचं 'कुणाला तरी तू हवा होतास' वाचताना मला हीच बाई आठवली, जिने ते मनातल्या मनातच म्हणायचं.

तेमाकर

आयव्हरी कोस्टच्या बेंग लोकांबद्दल अल्मा गॉटलीब यांनी लिहिलेलं वाचलंय. त्यांच्या मते बाळ पूर्वजांच्या लोकातून येतं, तिथे सगळ्या जमातींचे लोक एकत्र राहतात, म्हणून नवजात बाळाला जगातल्या सगळ्या भाषा कळतात! मोठं होता होता ते बाकीच्या विसरतं. त्याला परत जावंसं वाटू नये म्हणून आई त्याला रोज रंगवते, सजवते, चार लोकांनी उचलून घ्यावं असं करते. पहिली भेट बरेचदा कवडी, कारण पूर्वजांच्या काळी तेच चलन. या कवड्या मुख्यतः मालदीवच्या, हिंदी महासागरातून व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तिकडे गेलेल्या.

म्हणजे चिकित्सक, बेंग आईला विचाराल तर शब्द बाळालाच सगळ्यात जास्त कळतात.

चिकित्सक

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही :)

किल्लेदार

आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींमध्ये अशी काही अंगाईगीतं टिकली असतील का?

उंबरठा

किल्लेदार, सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इथिओपियाकडचे. या धाग्यातला आफ्रिकेचा मुलूख अटलांटिकच्या बाजूचा, भाषाही निराळ्या. सिद्दींवर वेगळा धागा काढा, गुजरात-कर्नाटकातल्या वस्त्यांबद्दल लिहिणारे इथे आहेत.

चिकित्सक

धागा भरकटायच्या आधी माझ्याविरुद्धचा एक पुरावा मीच देतो. २०२५ मध्ये पॅराग्वेतल्या उत्तर आचे जमातीबद्दल अभ्यास आला: त्यांच्यात बाळाला गाऊन निजवायची पद्धतच आढळली नाही. आई-बाप लाडात बोलतात, हसवतात, वेडीवाकडी तोंडं करतात, पण गात नाहीत. अभ्यासकांचा कयास असा की लोकसंख्या खूप घटली त्या काळात ही गोष्ट हरवली. म्हणजे अंगाई आपोआप उगवत नाही, कुणाकडून तरी शिकावी लागते.

टिकलू

सगळं वाचलं, रात्री तीन वाजता, मिक्सर शेजारी ठेवून. मग आता मी पोराला यातलं नेमकं कुठलं लावू? लिंक द्या कुणीतरी.

शेवंती

लावू नका, म्हणा. बेसूर चालतं. ती आकान चटईची कल्पना घ्या आणि तुमच्या घरची माणसं घाला. ज्यांना तोंडावर बोलता येत नाही त्यांना त्यात बसवा. आठवड्याभरात पाठ होईल.

टिकलू

सासूबाई हा धागा वाचतात.

टिकलूच्या_सासूबाई

वाचतेय. मिक्सर माझा आहे, परत द्या.